दर पंचवीस किलोमीटरवर मावशी

पेट्रोल भरायला माणूस एकटा जातो. शंभराचं भरलं का पाचशेचं, ते त्याला आणि पंपावरच्या पोराला ठाऊक. टाकीत किती उरलंय हे घरात कुणी विचारत नाही. त्यामुळंच आपल्याकडच्या कित्येक कर्त्या पुरुषांची दुपारची दोन-अडीच तासांची गैरहजेरी आजवर 'पंपावर लै गर्दी होती' एवढ्या एका वाक्यावर निभावली. चार्जिंगची गाडी आली आणि पहिला घाव या वाक्यावर पडला. इंधन घरात आलं. घरात आलं म्हणजे बैठकीत आलं. आणि बैठकीत आलेल्या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस धाराशिव जिल्ह्यात, वाशीपासून उमरग्यापर्यंत, शोधूनही सापडायचा नाही.

कंपन्या तिला काहीही म्हणोत, इकडं ती 'चार्जिंगची गाडी'. एमएच-२५ ची हिरवी पाटी चौकात थांबली की माणसं गोळा होतात. पहिला प्रश्न ठरलेला: 'एका चार्जिंगला किती जाते?' दुसरा: 'बॅटरी बदलायची म्हनलं तर किती लागतेत?' तिसरा प्रश्न नसतो, निकाल असतो: 'आपन तर नसती घेतली बाबा.' हाच निकालवाला पुढच्या दिवाळीला स्वतः हिरव्या पाटीवर दिसतो आणि इतरांना सांगत सुटतो की घ्यायची तर हीच घ्या. याखेरीज एक बिनपाटीची जात आहे. मोटर अडीचशे वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून तिला नंबरही लागत नाही आणि लायसनही. निवृत्त गुरुजींची ती आवडती. त्या वेगात ओळखीच्या प्रत्येकाशी न थांबता दोन वाक्यं बोलता येतात, आणि गुरुजींची दोन वाक्यं संपेस्तोवर गाडी फार लांब गेलेली नसते.

गाडी घेणं सोपं आहे. बँक, नारळ, हार, कुंथलगिरीचे पेढे. खरी कथा गाडी दारात लागल्यावर सुरू होते, जेव्हा कुणीतरी चार्जरची पिशवी हातात धरून विचारतं, 'हे लावायचं कुठं?'

जाहिरातीत याला 'होम चार्जिंग स्टेशन' म्हणतात. चित्रात पांढरी भिंत, भिंतीवर पांढरी डबी, शेजारी कुंडी आणि हसणारं कुटुंब. कुटुंबात माणसं फक्त चार. आपल्याकडं या स्टेशनाचा अर्थ पंधरा अँपिअरचा एक प्लग. नव्या डब्यांवर सोळा लिहिलेलं असतं, दुकानदार अजून पंधराच म्हणतो. आणि त्या प्लगला घरात आधीच कुणीतरी मालक असतो. फ्रिजचा प्लग फ्रिजचा. मिक्सरचा प्लग आईच्या ताब्यात. गिझरचा न्हाणीत. अंगणातला मोटरीचा, तो नळाला पाणी येईल त्या घटकेसाठी राखीव. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कूळकायदा अजून लागू आहे, आणि त्याच्या भाषेत सांगायचं तर घरातली ही सगळी उपकरणं संरक्षित कुळं आहेत. कब्जा जुना, वहिवाट अखंड. त्यांच्यात ही नवी गाडी येते आणि चार-पाच तास प्लग मागते. मिक्सर मिनिटभर मागतो, इस्त्री एका शर्टापुरती. एवढा वेळ मागणारं नवं माणूस फ्रिजनंतर घरात आलंच नव्हतं.

यात एक खरी तांत्रिक मेख आहे. स्कूटरचा साधा चार्जर सहा-सातशे वॉट खातो, म्हणजे २३० व्होल्टला तीनेक अँपिअर. आकडा ऐकून सगळ्यांना हायसं वाटतं: मिक्सरएवढंच की! पण चटणी झाली की मिक्सर थांबतो. हा थांबत नाही. सैल झालेल्या जुन्या प्लगातून तीन अँपिअर तासन्‌तास वाहिले की आतलं पितळ तापतं, तापून अजून सैल होतं, सैल होऊन अजून तापतं, आणि एके संध्याकाळी काहीतरी जळाल्याचा वास येतो. घरातले सगळे आधी गॅसकडं बघतात, मग सुनेकडं. भिंतीतल्या प्लगाकडं सगळ्यात शेवटी.

ज्यांना भिंत फोडायची नसते ते एक्स्टेन्शन बोर्ड आणतात. बोर्ड खिडकीतून बाहेर, वायर अंगणातून आडवी, तिच्यावर उंबऱ्याजवळ एक वीट. ही सोय दोन दिवसांची म्हणून सुरू होते आणि पावसाळा येईपर्यंत टिकते. मध्ये एखाद्या घरी शेळी वायरची चव बघते. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये सरकारी कागदावर बदललं, शेळीचं मात्र बदललं नाही; ती अजून उस्मानाबादीच आहे, आणि तिच्या खाण्यात बाभळीच्या काट्यापासून काहीही वर्ज्य नाही. बोर्ड हा प्रकार या कामाला घेऊच नये, हे कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलेलं असतं. पुस्तिका फ्रिजच्या वर ठेवलेली असते.

मग वायरमन येतो. आल्या आल्या जुनं फिटिंग बघून तो विचारतो, 'हे कुनी केलंय हो?' बहुतेक वेळा त्यानंच केलेलं असतं. दुसरा प्रश्न गाडी कितीला पडली हा. तिसरा कामाचा.

'आर्थिंग हाय का?'

'हाय की. तीन भोकाचा प्लग हाय.'

तिसरं भोक असणं आणि त्याच्यामागं काही असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळ घरांना चार्जिंगची गाडी आल्यावर कळलं. पंख्यानं, टीव्हीनं कधी तक्रार केली नव्हती. फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या यायच्या, त्या 'चप्पल घालून उघड, जरा करंट हाय त्याला' एवढ्यावर भागल्या होत्या. नव्या गाड्यांच्या काही चार्जरना ते चालत नाही. अर्थिंग नसेल तर ते लाल दिवा लावून गप्प बसतात. चप्पल घाला, बूट घाला, त्यांना फरक पडत नाही.

वायरमन होल्डरात बल्ब लावतो, एक तार फेजला आणि दुसरी अर्थला देतो. फेज-न्यूट्रलवर पेटतो तेवढाच लख्ख पेटला तर अर्थिंग चांगलं, मिणमिणला तर नावाला, पेटलाच नाही तर तिसरं भोक शोभेचं. शोभेचं निघालं की दोन रस्ते. पहिला म्हणजे प्लगच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून द्यायचे. लाल दिवा हिरवा होतो, काम पाच मिनिटांत संपतं. उद्या कुठं न्यूट्रल तुटला की सगळा करंट गाडीच्या लोखंडात येऊन उभा राहतो. हा रस्ता सुचवणाऱ्या वायरमनला चहा पाजून, गोड बोलून, घरी पाठवावं. दुसरा रस्ता खड्ड्याचा.

अर्थिंगचा खड्डा खणायला घेतला की बालाघाटचा डोंगर आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त पटतं. हातभर माती, त्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. पहार वाजायला लागली की गल्ली जमते. कुणी विचारतं, 'सेप्टिक टँक का?' कुणी म्हणतं, 'बोअरच घ्यायचा की मग.' तांब्याची नाहीतर जस्त चढवलेली प्लेट खाली जाते, तिच्याभोवती लोणारी कोळसा आणि खडं मीठ, थरावर थर. कोळसा आणि मीठ खड्ड्यात जाताना बघून शेजारच्या आजींनी गाडीवाल्याला बाजूला घेऊन हळूच विचारलेलं मी ऐकलं आहे, 'कुनी सांगितलं रं हे करायला?'

खड्ड्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात. ओल असली तर माती करंट पोटात घेते, वाळली की अर्थिंग नुसतं कागदावर. म्हणून होळीपासून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं. हे वाक्य पुण्यातल्या सोसायटीत सोपं आहे. जिथं नळाचं पाणी दिवसांआड येतं आणि टँकरची वाट बघण्यात दोन पिढ्यांचे उन्हाळे गेले, तिथं भर एप्रिलमध्ये बादली मातीत रिकामी करणाऱ्या नवऱ्याकडं बायको कशी बघते, हे कुठल्याही तांत्रिक पुस्तिकेत दिलेलं नाही. शेवटी तोडगा निघतो: भांडी विसळलेलं पाणी खड्ड्याला. साबण चालेल का, यावर वायरमनला फोन होतो. तो म्हणतो, 'चालतंय की.' शास्त्र बघायला गेलं तर खारट पाण्यातून करंट आणखी बरा जातो, म्हणजे आमटी खारट झाली त्या दिवशी अर्थिंग एक नंबर.

याच कामात तीस मिलिअँपिअरची एक आरसीसीबी बसवून घ्यावी असं जाणकार सांगतात आणि ते खरं आहे. करंट कुठं गळायला लागला की ती पापणी लवायच्या आत लाईन तोडते आणि माणूस वाचतो. तिचा दोष एकच: ती घरातलं जुनं झाकलेलं बाहेर काढते. बसवली की सारखी पडायला लागते, आणि मग कळतं की इतकी वर्षं गिझर, मोटर आणि न्हाणीतला दिवा असे तिघं मिळून गळत होते. त्यावर पुष्कळ घरांत गिझर दुरुस्त होत नाही. आरसीसीबी 'डिफेक्टिव' ठरते.

प्लग झाला. आता गाडीची, किंवा काढता येणाऱ्या बॅटरीची, जागा. सगळ्यांना जिन्याखालचा कोपरा सुचतो. तिथं इन्व्हर्टर असतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तो घराघरांत आला, लोडशेडिंग कमी झालं तरी गेला नाही. त्याची ती थोरली बॅटरी, बारा व्होल्ट दीडशे अँपिअर-अवर, म्हणजे हिशोबानं एक पूर्णांक आठ युनिट वीज, आणि वजन एवढं की दिवाळीची सफाई तिच्या भोवतीनं होते. शेजारी आता स्कूटरची लिथियमची बॅटरी येऊन बसते. तिच्यात साधारण तेवढीच वीज, आणि नववीतली पोरगी ती एका हातानं उचलून माळवदावर नेते. थोरलीला डिस्टिल्ड वॉटर लागतं, धाकटीला काही लागत नाही. धाकटीचा चार्जर थोरलीला आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला कधी लावू नये, एवढं मात्र पाळावं. दिसायला पिना सारख्या असल्या तरी दोघींच्या व्होल्टेजचा हिशोब निराळा आहे.

लाईट गेली की घरातला हुशार पोरगा म्हणतो, स्कूटर इन्व्हर्टरवर चार्ज करू. एका डेऱ्यातलं ताक दुसऱ्यात ओतलं म्हणून वाढत नाही. उलट डीसीचं एसी, एसीचं पुन्हा डीसी करताना प्रत्येक वेळी थोडी वीज उष्णतेत जाते, आणि शेवटी गाडी निम्मी भरलेली, पंखा बंद आणि घर गाडीवर चिडलेलं, अशी अवस्था होते. अशाच एका रात्री आजींनी विचारलं होतं, 'मग गाडीवर पंखा लागत नसंल का?' सगळे हसले. हसायचं काही कारण नव्हतं. दोन युनिटच्या बॅटरीवर पंचाहत्तर वॉटचा पंखा सव्वीस तास फिरेल. जपानात निसान कंपनीनं २०१२ मध्येच आपल्या लीफ मोटारीवरून घराला वीज पुरवायची सोय विकायला काढली. आपल्या स्कूटरांना ती सोय नसते, म्हणून आजींचा प्रश्न आपल्याकडं अजून विनोदात जमा होतो.

जिन्याखाली चार्जिंग करायला मात्र माझा विरोध आहे आणि इथं थोडं गंभीर बोलतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या, त्यांचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे नियम कडक करून डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू केले गेले. नवी बॅटरी त्यामुळं बरीच शहाणी झाली आहे, पण जिना हा माळवदावर झोपलेल्यांचा खाली यायचा एकच रस्ता असतो. तो मोकळा ठेवावा. तसंच मे महिन्यात भर दुपारी परंड्याहून तापून आलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. घरी आलेल्या माणसाला आपण आधी सावलीत बसवतो, गूळ-पाणी देतो, मग जेवायला वाढतो. गाडीच्या बाबतीत लोक थेट ताटावर बसवतात. आणि बॅटरी उशाशी घेऊन झोपणारेही आहेत. चोरीला जाईल म्हणून. त्यांची बायको दुसऱ्या खोलीत झोपते, हे योग्यच आहे.

पहिलं बिल येईपर्यंत गाडीवर घराचं प्रेम असतं. बिलात १०० युनिटपर्यंतचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा. घर आधी पंच्याण्णवच्या आसपास थांबायचं, गाडी आल्यावर सव्वाशेवर गेलं. लगेच गल्लीत बातमी की 'गाडीनं सगळं घर वरच्या स्लॅबात नेलं'. तसं नसतं. वरचा दर शंभराच्या वरच्या पंचवीस युनिटांनाच लागतो, आधीचे शंभर आपल्या जुन्या दरातच राहतात. हे समजावून सांगायला एक कागद, एक पेन आणि ऐकून घेणारा सासरा लागतो. पहिल्या दोन गोष्टी घरात मिळतात. त्यात बिलावर स्थिर आकार, वहन आकार, सोळा टक्के वीज शुल्क असे रकाने असतात. ते गाडी नव्हती तेव्हाही होते, पण तेव्हा ते कुणी वाचले नव्हते. आता सगळा दोष गाडीचा.

हिशोब सरळ आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणारी स्कूटर दिवसाला युनिटभर वीज खाते, महिन्याला तीस. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की तोही एक युनिट. म्हणजे एका आंघोळीच्या विजेत धाराशिवहून तुळजापूर गाठता येतं. ज्या पोराला 'झोपला का काय आत?' म्हणून न्हाणीचं दार वाजवून विचारावं लागतं, तो रोज सकाळी साबण लावता लावता आई भवानीच्या महाद्वारापर्यंत पोचलेला असतो. बिलाची बैठक बसली की गाडीच्या विरोधात सगळ्यात जोरात तोच बोलतो.

गाडी घरात येते पोराच्या कॉलेजसाठी आणि वर्षाच्या आत होते वहिनींची. यामागं काही क्रांती नाही. पेट्रोलच्या गाडीला पंपावर जावं लागे, पंपावर जायला पैसे मागावे लागत, पैसे मागितले की 'कुठं जायचंय?' हा प्रश्न येई. प्लगला कुणाला विचारायचं नसतं. रात्री भांडी झाली की लावायची, सकाळी काढायची. अमेरिकेत मोटारी घरोघर पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः मात्र १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही बॅटरीवरची मोटार चालवायची. सगळ्या देशाला पेट्रोलवर बसवून माणूस संध्याकाळी घरी येतो तर अंगणात बॅटरी! आमच्याकडंही दोन पेट्रोल पंपांच्या मालकांच्या सुना चार्जिंगच्या गाडीवर मंडईला जाताना दिसतात. गाव बघून न बघितल्यासारखं करतं.

इथवरचं सगळं घरातलं झालं. आता बाहेरचे येतात.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंगच्या सोयींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक, आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक चार्जिंग स्टेशन असावं, असं त्यात लिहिलेलं. लिहिणाऱ्या साहेबांची सोयरीक मराठवाड्यात नसावी. इथं तीन बाय तीनच्या चौकोनात किमान एक चुलता निघतो, आणि सोलापूर-धाराशिव रस्त्यावर दर पंचवीस किलोमीटरला, दोन्ही बाजूंना, मावशी आहे. सरकारी स्टेशनं उभी राहायची तेव्हा राहतील. मावशा उभ्याच आहेत.

चार्जिंगची गाडी घेतलेला माणूस नकाशा बघत नाही, नातीगोती आठवतो. सोलापूरहून निघाला तर तामलवाडीला आत्याचा पोरगा, घाट चढला की तुळजापूरला मावशी. घाटात टक्के भराभर उतरतात, त्यामुळं तुळजापूरच्या मावशीचं महत्त्व तामलवाडीच्या भावापेक्षा जास्त. परतीच्या उताराला मोटर स्वतःच जनित्र होऊन दोन-चार टक्के परत मिळवून देते, त्यामुळं जाताना तामलवाडीला थांबायचं काही कारण उरत नाही आणि भाऊ रुसतो. नळदुर्गाकडं जायचं असेल तर ज्या मेव्हण्याशी बांधावरून बोलणं बंद होतं त्याच्याशी ते सुरू करावं लागतं. तंटामुक्ती समितीला जे जमलं नाही ते बारा टक्क्यांवर आलेल्या बॅटरीनं करून दाखवल्याचं मी बघितलं आहे.

विचारायची एक रीत पडून गेली आहे. आल्या आल्या विचारायचं नसतं. पाणी होतं, चहा होतो, कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, कुणाचं कुठं जमलं. मग पाहुणा खिडकीतून गाडीकडं बघतो, आणि तिचं आत्ताच लक्षात आल्यासारखं म्हणतो, 'जरा लावू का?' यजमानानंही 'अरे, हे काय विचारायचं!' असंच म्हणायचं असतं, मनात मीटर फिरताना दिसलं तरी. एप्रिल २०१८ मध्ये मंत्रालयानं खुलासा केला होता की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्याला परवाना लागत नाही. मावशीला तो कधीच लागला नव्हता. दर विचारला तर मात्र ती राग धरेल आणि पुढच्या लग्नात बोलणार नाही.

दराची गंमत निराळीच. चार्जिंग स्टेशन म्हणून वीज घेतली तर तिचा दरवर्ग वेगळा आहे. पण आपल्याच जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचा जो दर तोच, म्हणजे घरी घरगुती. आता जावयाची गाडी 'स्वतःची' धरायची का, हा प्रश्न वीज नियामक आयोगापुढं अजून कुणी नेलेला नसावा. सासरवाडीत तो विचारायचाच नसतो. जावई उतरला की सासरा आपली गाडी प्लगवरून काढतो, सत्तेचाळीस टक्क्यांवर, आणि तोंडानं म्हणतो, 'झालीच होती.'

आणि एकदा गाडी लावली की पाहुणा कुठं जाणार? पेट्रोलच्या दिवसांत माणूस चप्पल न काढता उंबऱ्यातूनच बोलायचा. 'बसत नाही, घाईत आहे.' दहा मिनिटांत भेट उरकायची. आता तीन तास सुटका नाही. चहाचं जेवण होतं, जेवणाचा विषय निघतो, विषयातून जुनी जमीन निघते, जमिनीतून भांडण, भांडणातून पुन्हा चहा. तैवानात गोगोरो कंपनीनं २०१५ पासून रस्तोरस्ती खोकी उभी केली आहेत. रिकामी बॅटरी खोक्यात सारायची, भरलेली ओढून घ्यायची, माणूस लगेच वाटेला लागतो. फार सोय आहे म्हणतात. पण त्या खोक्याकडून ज्वारीची गरम भाकरी मिळत नाही.

अडचण येते ती पाहुणा मुक्कामाला राहिला तर. प्लग अंगणातला, मोटरीचा. पाहुण्याची गाडी रात्री त्याच्यावर. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि ते दिवसा येण्यावर कुणाचा विश्वास नाही. दोनच्या सुमारास गल्लीतून हाक येते, 'आलं गं, पानी आलं!' मावशी अर्धवट झोपेत अंगणात येते, अंधारात प्लग चाचपते, त्यात काहीतरी खुपसलेलं लागतं ते उपटते आणि मोटर लावते. टाकी भरते, हौद भरतो, कळश्या भरतात. मोटर बंद करून मावशी झोपते. चार्जर ओल्या फरशीच्या कडेला तसाच पडून.

सकाळी भाचा अंघोळ करून, डोक्याला तेल लावून किल्ली फिरवतो. एकेचाळीस टक्के. घरात कुणी काही बोलत नाही. प्लग कुणी काढला याची चौकशीही होत नाही, कारण तो कुणी काढला हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती आत चहा टाकते आहे. तिथूनच आवाज येतो, 'आता दुपारीच निघ. येसराची आमटी करते.' भाचा वरवर तोंड पाडतो. चार्जर स्वतःच्या हातानं पुसून लावतो, दिवा लागलेला बघतो, प्लग काढू नये म्हणून त्याच्यावर रुमाल बांधतो. दुपारी आमटीत भाकरी कुस्करून तीनदा वाढून घेतो, वर शेंगदाण्याची चटणी, मग ओसरीवर पंख्याखाली आडवा होतो.

चारला सोलापूरहून फोन येतो. 'अहो, कधी निघताय?'

'अगं, गाडी लावलीय चार्जिंगला. अजून कुठं भरली.'

'माझ्या मोबाईलवर तर साडेअकरापासून शंभर टक्के दाखवायलंय.'

भाच्यानं फोन मावशीकडं दिला.